दुसऱ्या गहाणाच्या कर्जाची जबाबदारी

बीड जिल्ह्यात एखादे वर्ष पावसाने ओढ दिली की एकाच शेतावर दोन बोजे चढतात. पहिला बँकेचा; दुसरा विहिरीसाठी अथवा लग्नकार्यासाठी काढलेल्या कर्जाचा. “जमीन गेली म्हणजे देणे फिटले” हा समज अशा वेळी फार महागात पडतो.

नजरगहाणात जमीन शेतकऱ्याकडेच राहते व कर्जफेडीची हमी तो जातीनिशी देतो. येथे धनकोस जमीन ठेवून घेता येत नाही. त्याने न्यायालयाकडे विक्रीच मागावयाची असते. शर्ती खरेदीच्या गहाणात मात्र मुदत टळल्यावर सोडवणुकीचा हक्क कायमचा बंद करण्याचा हुकूमनामा मागता येतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे तो अंतिम झाला म्हणजे त्या गहाणाचे देणे संपते. पण त्याच गहाणाचे. दुसऱ्या धनकोचे देणे त्यामुळे फिटत नाही.

जमीन परत देण्याची अट खरेदीखतातच लिहिलेली नसेल, तर कायदा त्या व्यवहारास गहाण मानीत नाही. तोंडी वचनावर अंगठा उठविणे म्हणजे शेत विकणेच होय. सावकारीत अशी जमीन गेली असल्यास २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. मात्र १५ वर्षे उलटून गेलेली नसावीत.

समजा, गेवराईकडील एका शेतकऱ्याचे पहिले देणे ४ लाख रुपये, दुसरे दीड लाख, आणि दोन्ही नजरगहाणे आहेत. पहिल्या धनकोच्या दाव्यात शेत ४ लाख ८० हजारांस विकले गेले व खर्च १० हजार झाला. पहिल्याचे पूर्ण फिटून दुसऱ्यास ७० हजार मिळतात. उरलेल्या ८० हजारांसाठी तो मुदतीत शेतकऱ्याविरुद्ध वैयक्तिक हुकूमनामा मागू शकतो. शेतकऱ्याचे राहते घर, तसेच निर्वाहास आवश्यक बैल व अवजारे यांवर सामान्यतः जप्ती येत नाही. इतर मालमत्तेवर येऊ शकते.

दुसऱ्या धनकोनेच विक्री आणली, तर घेणारा पहिल्या बोजासह शेत घेतो. पहिल्याचे देणे चुकते करून त्याच्या जागी उभे राहण्याचा मार्गही दुसऱ्यास मोकळा असतो.

दुसऱ्या गहाणखतावर सही करण्यापूर्वी सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचून घ्यावा. फिटलेल्या कर्जाचा बोजा तेथे तसाच असेल, तर धनकोचा फेडीचा दाखला तलाठ्याकडे देऊन तो आधी कमी करून घ्यावा.