पफ फुगतो तो वाफेने

फळांचे पफ घरी करायचे म्हटले की पहिला प्रश्न हमखास येतो तो सोड्याचा. किती घालायचा? मैदा चाळतानाच घालायचा की नंतर? खरे उत्तर असे की सोडा घालायचाच नाही. पफ पेस्ट्रीच्या पिठात सोडा नसतो, बेकिंग पावडर नसते, यीस्टही नसते. मैदा, मीठ, गार पाणी आणि बटर, एवढाच त्याचा संसार.

मग तो बोटभर उंच होतो कसा? वाफेमुळे. बटर म्हणजे निव्वळ चरबी नव्हे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये स्निग्धांश किमान 80 टक्के आणि पाणी जास्तीत जास्त 16 टक्के असते. शिवाय मैदा भिजवताना घातलेले पाणी आहेच. भट्टीत हे पाणी उकळले की त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट जागा मागते. वरचा पदर उचलला जातो, मधले बटर वितळून त्या पदराला जणू तळून काढते, आणि उचललेल्या अवस्थेतच मैदा शिजून घट्ट होतो. म्हणजे दोनच गोष्टी सांभाळायच्या: ओव्हनमध्ये जाईपर्यंत पीठ आणि बटर एकमेकांत मिसळू द्यायचे नाही, आणि आत गेल्यावर वाफ झटकन होऊ द्यायची. पफबद्दलचे बहुतेक गैरसमज यांतली एखादी गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

मराठी घरात पदर काढण्याची कला नवी नाही. चिरोटे आणि साट्याच्या करंज्या करणारी बाई पोळीवर साटा फासते, पोळीवर पोळी ठेवते, वळकटी करते, कापते, पुन्हा लाटते. तत्त्व तेच: पिठाच्या दोन पदरांमध्ये स्निग्ध थर. म्हणूनच अनेकींना वाटते की बटरऐवजी घरचे साजूक तूप वापरले तर पफ आणखी छान होईल. इथे गाडे अडते. तूप कढवताना त्यातले पाणी उडून गेलेले असते. पाणी नाही म्हणजे बटरकडून मिळणारी वाफ नाही. दुसरे असे, की थंड तूप रवाळ आणि ठिसूळ होते, तर जरा ऊब लागली की ओघळते. लाटण्याखाली न तुटता, न वितळता पसरत जाणे त्याला जमत नाही. चिरोट्यात चालते, कारण तिथे तूप फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घालतात आणि पदर गरम तुपात तळून सुटतात. घरच्या लोण्याचा प्रश्न उलटा आहे. त्यात ताकाचा अंश राहतो, पाणी जास्त असते आणि पीठ चिकट होऊन बसते. लोणी वापरायचेच असेल तर गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, फडक्यात दाबून, फ्रीजमध्ये घट्ट करून घ्या. पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र सरळ विकतचे बिनमिठाचे बटर आणावे.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: बटर मऊ असले की लाटायला सोपे. केकसाठी ते खरे आहे, पफसाठी नाही. बटर 20 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि 32 ते 35 अंशांपर्यंत पूर्ण वितळते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या स्वयंपाकघरात एप्रिल-मे महिन्यात ओट्याशेजारचे तापमान त्याच्या जवळ असते. अशा वेळी मऊ बटर पिठात जिरते, पदर उरतच नाहीत आणि भट्टीतून पफऐवजी तेलकट बिस्किट बाहेर येते. याच्या उलट, फ्रीजमधून थेट काढलेले दगडासारखे बटर लाटताना आतल्या आत तुकडे होऊन पीठ फाडते. हवे ते दोन्हींच्या मधले. बटरची चपटी वडी हातात धरून वाकवून पाहा: ती न तुटता वाकली पाहिजे, आणि बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोटाला चकाकी लागता कामा नये. पीठही तेवढेच गार हवे. दोन्ही सारखीच घट्ट असली की लाटण्याखाली बरोबरीने सरकतात.

पाव किलो मैद्याला दोनशे ग्रॅम बटर मध्ये घालायला, चमचाभर बटर पिठात चोळायला, अर्धा चमचा मीठ, चमचाभर लिंबाचा रस आणि लागेल तसे बर्फाचे पाणी, साधारण सव्वाशे मिलिलिटर. पीठ पोळीच्या कणकेसारखे तिंबायचे नाही. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबायचे. लिंबाने पीठ जरा सैल राहते आणि लाटताना ताणले जाते. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये, मग चौकोनी लाटून मध्ये बटरची वडी, चारी बाजूंनी पाकिटासारखे बंद, लांब लाटणे, तीन पदरी घडी, पाव फिरवून पुन्हा लाटणे आणि घडी. दर दोन घड्यांनंतर पुन्हा अर्धा तास फ्रीज. हा अर्धा तास वेळकाढूपणा आहे असे समजून तो गाळणारे खूप. पण त्यात बटर घट्ट होते आणि मैद्यातले ग्लुटेन सैलावते. ते सैलावले नाही तर चौकोन कापताच आकसतो आणि भाजताना वाकडा होतो. लाटताना कुठे बटर डोकावलेच तर तिथे चिमूटभर मैदा भुरभुरा, जादा मैदा झटका आणि ताबडतोब सगळे फ्रीजमध्ये टाका. ‘एवढी घडी होऊ दे, मग ठेवते’ हा मोह टाळा.

जास्त घड्या म्हणजे जास्त पदर, म्हणजे जास्त चांगला पफ, हेही अर्धसत्य. हिशेब सोपा आहे. दर तीन पदरी घडीला बटरचे थर तिप्पट होतात: 3, 9, 27, 81, 243 आणि सहाव्या घडीला 729. जुनी फ्रेंच पद्धत सहा घड्यांवर थांबते, कारण त्यापुढे थर इतके पातळ होतात की पीठ आणि बटर एकजीव होऊ लागते आणि पफ उलट कमी फुगतो. फळांच्या पफला चार घड्या पुरतात. 81 थर ठळक सुटतात आणि सारणाचे वजनही पेलतात.

पफ पेस्ट्रीच्या जन्माची एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: सतराव्या शतकातला चित्रकार क्लोद लोरँ तरुणपणी बेकरीत शिकाऊ होता आणि त्याने ती शोधली. गोष्ट गोड आहे, पण टिकत नाही. इंग्लंडमध्ये 1596 साली छापलेल्या थॉमस डॉसनच्या पाककृतींच्या पुस्तकातच बटर घालून, घड्या घालून लाटायचे पीठ आहे. लोरँचा जन्म 1600 किंवा त्यानंतरचा. शोध कुण्या एकाचा नाही.

‘बेकरीतल्या खारीसारखे घरी होत नाही’ ही तक्रार मात्र खरी आहे, फक्त तिचे कारण वेगळे आहे. बहुतेक बेकऱ्यांत खारी आणि पॅटिससाठी बटर नसते, वनस्पती तूप किंवा खास पेस्ट्री मार्जरिन असते. ते जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे उन्हाळ्यातही न विरघळता लाटता येते आणि पदर कोरडे, कुरकुरीत सुटतात. पण शरीराचे तापमान 37 अंश, आणि मार्जरिन त्याहून वरच्या तापमानाला वितळणारे. म्हणून खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. बटर तोंडात पूर्ण विरघळते. मला विचाराल तर तिखट पॅटिसमध्ये हा फरक खपून जातो, फळांच्या पफमध्ये खपत नाही. सफरचंदाचा नाजूक आंबटपणा त्या मेणाखाली दबून जातो. विकतची गोठवलेली शीट आणणार असाल तर पाकिटावर घटक वाचा आणि बटरची मिळाली तर तीच घ्या. शीट वापरण्यात कमीपणा काही नाही. फक्त ती ओट्यावर नाही, रात्रभर फ्रीजमध्ये सैल होऊ द्या.

आता फळ. घरचे पफ बिघडतात ते बहुधा इथे. ताजे फळ चिरून, साखर भुरभुरून आत भरले की झाले, असे वाटते. सफरचंदात सुमारे 86 टक्के पाणी असते, स्ट्रॉबेरीत 91, आंब्यात 83. वर साखर पडली की ते पाणी आणखी लवकर सुटते. वरचे पदर फुगतात, पण तळ भिजतो, शिजतच नाही आणि गिच्च राहतो. फ्रान्समधल्या बेकऱ्यांत सकाळी मिळणारा सफरचंदाचा पफ, शोसाँ ओ पॉम, पाहा: त्यात कच्च्या फोडी नसतात, शिजवून घट्ट केलेले सफरचंद असते.

मध्यम आकाराची चार सफरचंदे सोलून बोराएवढ्या फोडी करा. चमचाभर बटरवर परता, पाच-सहा चमचे साखर घाला, झाकण न ठेवता शिजवा. झाकण ठेवले की सुटलेले पाणी परत कढईतच पडते. रस दिसू लागला की चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून ओता आणि रस दुधट दिसायचा थांबून काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत ढवळा. तो दुधट असतानाच उतरवला तर कॉर्नफ्लोअर कच्चे राहते. उलथन्याने कढईच्या तळावर रेघ ओढली आणि ती दोन क्षण तशीच राहिली की सारण झाले. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, कारण आंबटाबरोबर फार वेळ उकळले तर कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा कमी होतो. आपल्याकडचे लाल डिलिशस सफरचंद गोड आणि लवकर मऊ पडणारे, त्यामुळे त्याला लिंबू हवेच; हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबट, फोडी न मोडणारे. दोन्ही निम्मे निम्मे घेतले तर उत्तम.

आणि हे सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचे नाही. कोमटही नाही. कोमट सारण पिठाला टेकले की खालचे बटर तिथेच वितळते आणि भट्टीत जाण्याआधीच अर्धे काम फसते.

हापूसचा रस आटवून, पेढ्याच्या खव्याएवढा घट्ट करून भरावा. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची असो की आणखी कुठली, ती कच्ची भरू नये. चिकू गोड आणि बेचव होतो, त्याला लिंबू आणि थोडी सुंठ लागते. ‘जॅम तर घट्टच असतो’ हा समजही फसवा आहे: बाटलीतला जॅम गार असताना थिजलेला दिसतो, तापला की पातळ होऊन शिवणीतून उकळून बाहेर येतो आणि ट्रेवर जळतो. घालायचाच तर शिजवलेल्या फळात थोडासा. या बाबतीत पेरूइतके गुणी फळ नाही. त्यात पेक्टिन भरपूर, त्यामुळे साखरेबरोबर आटवल्यावर सुरीने कापता येईल इतका घट्ट होतो. क्युबामध्ये पेरूच्या अशाच वडीचे पफ घरोघरी आवडीने खातात. गोव्यात नाताळला होणारे पेराद त्याच जातीचे. त्याचा बोटभर जाडीचा तुकडा पफमध्ये ठेवला की शिजवणे नको, आटवणे नको. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी हा प्रयोग जरूर करावा.

सारणाखाली चमचाभर कोरडा भाजलेला रवा किंवा बदामाची पूड पसरली तर उरलासुरला रस ती पिते.

कापण्याबद्दल थोडे. वाटी किंवा ग्लास दाबून गोल कापायची आपली सवय इथे नडते. बोथट कडेने पदर चेपून एकमेकांना चिकटतात आणि ती बाजू फुगत नाही. धारदार सुरीने वरून खाली एकाच दमात कापा. पुढेमागे ओढू नका. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात दीड चमचा सारण पुरे. आतल्या कडेला पाण्याचे बोट फिरवून त्रिकोणी घडी घाला, काट्याने दाबा, वर सुरीने दोन चिरा द्या. अंड्याशिवाय रंग येत नाही हाही गैरसमजच. दुधात चिमूटभर साखर विरघळवून लावली तर रंग चांगला येतो, चकाकी जरा कमी. अंडे लावा की दूध, ते कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका, नाहीतर पदर तिथे चिकटतात. कापून उरलेल्या पट्ट्या गोळा करून मळू नका. एकावर एक रचून लाटा.

भाजताना मंद आच बरी, हा आपला जुना अनुभव. चिरोटे मंद आचेवर तळायचे असतात, नानकटाई मंद भाजायची असते. पफ त्याला अपवाद. मंद आचेवर बटर आधी वितळून ट्रेवर सांडते, वाफ नंतर होते. ओव्हन 210 अंशांना चांगला वीस मिनिटे तापू द्या, पफ तोपर्यंत फ्रीजमध्ये, आणि मग थेट आत. पंधरा मिनिटे दार उघडू नका. नंतर 180 वर आणखी दहा-बारा मिनिटे, तळ तपकिरी होईपर्यंत. वरून सोनेरी दिसला म्हणजे झाला असे नाही. एक उचलून खालून पाहा. साधी ओटीजी पुरते. मायक्रोवेव्ह चालेल, पण कन्व्हेक्शनवरच. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये रंगही येत नाही, कुरकुरीतपणाही नाही. कुकरमध्ये वाळू घालून केक होतो, पण पफला वरून लागणारी प्रखर धग तिथे मिळत नाही.

फळ आहे म्हणून हा पदार्थ हलका, असे मुलांच्या डब्यात भरताना कुणी समजू नये. पाव किलो मैद्याला जवळजवळ तेवढेच बटर आहे. हा सणाचा, पाहुण्यांचा पदार्थ; तसाच खावा. आणि सगळे एकाच दिवशी उरकायचीही गरज नाही. भरलेले, न भाजलेले पफ ट्रेवर सुटे गोठवून मग डब्यात भरले तर महिनाभर चांगले राहतात. गोठलेलेच थेट गरम ओव्हनमध्ये टाका, पाच मिनिटे जास्त द्या. पहिला प्रयत्न डिसेंबर-जानेवारीत करा, सकाळी लवकर, ओटा गार असताना. मे महिन्यात नको.