शारीरिक हालचालीचा प्रसारक : एक नवा व्यवसाय

व्यायाम शिकविणारा मनुष्य आपल्या परिचयाचा आहे. तालमींतला वस्ताद, शाळेंतला कवाईत घेणारा मास्तर, अलीकडच्या व्यायामशाळेंतला शिक्षक, हे सर्व एकाच परंपरेंतले. त्यांच्याकडे जो येतो त्याला ते शिकवितात. जो येत नाहीं त्याच्याशीं त्यांचा संबंध नसतो. परंतु समाजांत न येणारांचीच संख्या मोठी असते. ज्याला व्यायामाची आवड नाहीं, आवड असली तर सवड नाहीं, किंवा ज्याच्या घराबाहेर धड चालण्याजोगा रस्ताही नाहीं, अशा माणसाच्या शरीराला रोज थोडी तरी हालचाल घडावी म्हणून झटणें हें कोणाचें काम? या प्रश्नाचें उत्तर म्हणून अमेरिकेंत एक निराळा व्यवसाय उदयास आला, आणि त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धतही तेथें सुरू झाली. या व्यवसायाचें स्वरूप काय, त्याची परीक्षा कशाची, आणि अशा प्रमाणपत्राला किती किंमत द्यावी, याचा आज थोडा विचार करूं.

या विद्येचें मूळ व्यायामशाळेंत नाहीं; तें लंडनच्या दुमजली बसगाडींत आहे. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या वाहतूक खात्यांतील ३५ ते ६४ वर्षें वयाच्या सुमारें ३१,००० पुरुषांच्या आजारांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केले. गाडी एकच, मार्ग एकच, शहराची हवाही एकच. परंतु ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. कंडक्टरांत हृद्रोग कमी आढळला. ज्यांना तो जडला त्यांना उशिरां जडला, आणि त्यानें तत्काळ मृत्यु येण्याचें प्रमाणही कमी दिसलें. घरोघर पत्रें पोंचविणारे पोस्टमन आणि टेबलापाशीं बसून काम करणारे सरकारी नोकर यांची तुलना केली तेव्हांही तोच कल दिसला.

येथें शंकेला जागा होती. ज्याचा देह मुळांतच स्थूल, तोच ड्रायव्हरची जागा पत्करीत असेल, असें कां नसावें? ही शंका मॉरिस यांनीं स्वतःच पुढें आणली. १९५६ सालीं त्यांनीं दोघांच्या गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला. म्हणून एका पाहणीवर कोणी विसंबून राहिलें नाहीं. अमेरिकेंत डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांनीं सॅनफ्रान्सिस्कोच्या गोदींत ओझीं वाहणाऱ्या कामगारांचा अनेक वर्षें मागोवा घेतला. जड कामें करणारांत हृद्रोगाचे मृत्यु कमी आढळले. असा पुरावा सर्व बाजूंनीं जमत गेला, तेव्हां कोठें तो मान्य झाला.

या पुराव्याचा अर्थ ध्यानांत घेण्याजोगा आहे. कंडक्टर जोर-बैठका काढीत नव्हता. आपल्या आरोग्यासाठीं आपण कांहीं करीत आहों, हें त्याच्या गांवींही नव्हतें. त्याच्या कामाची रचनाच अशी होती कीं, पाय हलविल्यावांचून तें होतच नसे. १९९५ सालीं अमेरिकेचें रोगनियंत्रण केंद्र आणि 'अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन' ही संस्था यांनीं मिळून जाहीर केलें कीं, प्रौढ माणसानें बहुतेक दिवशीं, शक्य तर रोजच, निदान ३० मिनिटें भरभर चालण्याइतकी तरी हालचाल करावी. घाम गाळणारा कठोर व्यायाम तेवढाच खरा, ही समजूत या शिफारशीनें मागें पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनांत प्रौढांसाठीं आठवड्याला मध्यम स्वरूपाची १५० ते ३०० मिनिटांची हालचाल सांगितली आहे.

ही मागणी माफक आहे. तरीही ती पुरी होत नाहीं. याच संघटनेच्या शास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांतील सुमारें ३१ टक्के प्रौढ माणसें पुरेशी हालचाल करीत नव्हतीं. भारतांत हें प्रमाण जवळजवळ निम्मे होतें. पुरुषांत सुमारें ४२ टक्के आणि स्त्रियांत सुमारें ५७ टक्के. निम्मा समाज आळशी आहे, असें म्हणून हात झटकतां येतील. परंतु त्या उत्तरानें कांहींच उलगडत नाहीं. दिवसभर घर सांभाळून थकलेल्या गृहिणीला आळशी कोण म्हणेल? ती थकते, पण जिला खुल्या हवेंत निर्वेधपणें अर्धा तास चालतां येईल अशी वेळ आणि वाट दोन्ही मिळत नाहींत, तिला केवळ उपदेश करून काय उपयोग?

पटकीच्या रोग्याला औषध देणें हें डॉक्टरांचें काम. परंतु पटकी शहरांतून हटली ती प्रामुख्यानें शुद्ध पाण्यामुळें आणि गटारांच्या योजनेमुळें. हालचालीच्या अभावाचेंही तसेंच आहे. एकेका माणसाला गांठून चालावयास सांगणें हा एक उपाय. ज्या व्यवस्थेंत चालणें आपोआप घडेल ती व्यवस्था उभी करणें हा दुसरा. या दुसऱ्या उपायाचा जाणता कारागीर तो हा नवा व्यावसायिक.

अमेरिकेंतील सरकारी आरोग्यखात्यांत असें काम करणारे लोक होते, पण ते विखुरलेले होते. कोणी आहारशास्त्राकडून आलेला, कोणी परिचारिका, कोणी खेळाचा शिक्षक. १९९५ पासून साउथ कॅरोलायना विद्यापीठानें रोगनियंत्रण केंद्राच्या साहाय्यानें या विषयाचे अल्प मुदतीचे वर्ग सुरू केले. २००६ सालीं या कार्यकर्त्यांची स्वतःची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि पुढें कांहीं वर्षांतच तिनें व 'अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन'नें मिळून 'सार्वजनिक आरोग्यांतील शारीरिक हालचालीचा तज्ज्ञ' या अर्थाचें प्रमाणपत्र सुरू केलें. त्याच्या अटींप्रमाणें परीक्षेस बसणारा आरोग्यविषयक शाखेचा पदवीधर असावा लागे; पदवी अन्य विषयाची असल्यास आरोग्यप्रसाराच्या कामाचा १,२०० तासांचा अनुभव लागे. प्रमाणपत्र जन्मभरासाठीं नसे. ठराविक मुदतींत आणखी शिक्षण घेऊन तें ताजें करावें लागे.

परीक्षेंत दंड-बैठकांची चांचणी नव्हती. शरीरशास्त्राची माहिती आवश्यक होती खरी; पण तिच्या जोडीला निरनिराळ्या खात्यांचें सहकार्य मिळविणें, योजना आखणें, ती पार पाडणें आणि तिचें फळ मोजणें, या गोष्टींची जाण पाहिली जाई. याचें कारण एका लहानशा प्रयोगावरून कळेल. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत सार्वजनिक ठिकाणीं, जेथें साधा जिना आणि सरकता जिना शेजारीं शेजारीं होते तेथें, जिना चढल्यानें हृदयाला लाभ होतो अशा अर्थाचा एक फलक लावला. साधा जिना चढणारांचें प्रमाण दुपटीहून अधिक झालें. फलक काढल्यावर मात्र कांहीं महिन्यांत लोक पूर्ववत् वागूं लागले.

आतां या विषयांतला अर्धवट माणूस पहिली गोष्ट तेवढी सांगेल. जाणकार दोन्ही सांगेल. फलक स्वस्त आहे आणि उपयोगी आहे. पण तो कायम ठेवावा लागतो. शिवाय जिना अंधारा, कोंदट आणि कोपऱ्यांत दडलेला असेल तर फलक काय करील? मग इमारतीच्या मालकाशीं बोलणें, दिवे लावविणें, जिना स्वच्छ ठेवविणें हेंही त्याच कामांत येतें. अमेरिकेंत प्रतिबंधक उपायांचा पुरावा तपासणाऱ्या एका तज्ज्ञमंडळानें या शतकाच्या आरंभीं असाच निवाडा दिला. शाळेच्या व्यायामाच्या तासांत मुलें प्रत्यक्ष अधिक वेळ हलतील अशी योजना, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चालण्याचे गट, आणि चालण्या-खेळण्याच्या जागा सर्वांना खुल्या करणें, या उपायांना भक्कम आधार मिळाला. वर्गांत बसवून नुसती माहिती सांगण्याला मात्र पुरेसा आधार मिळाला नाहीं. व्याख्यान देणाऱ्यानें हें लपवूं नये.

तेव्हां या तज्ज्ञाचा दिवस व्यायामशाळेंत न जातां बैठकींत जातो. पदपथ बांधणारा अभियंता, वाहतुकीचा पोलीस अधिकारी, शाळेचा मुख्याध्यापक, कारखान्याचा व्यवस्थापक, हे सर्व त्याचे भागीदार. आणि यांपैकीं कोणीही त्याच्या हुकमतीखालीं नसतो. शाळा सुटल्यावर तिचें मैदान वस्तीला खुलें करा, एवढें म्हणणें सोपें. पण किल्ली कोणाकडे राहील, दिव्याचें बिल कोण भरील, मूल पडून हात मोडला तर जबाबदार कोण, या प्रश्नांचीं उत्तरें लिहून आणल्याशिवाय फाटक उघडत नाहीं. हीं उत्तरें काढण्याची तयारी म्हणजेच या विद्येचें मर्म.

प्रमाणपत्राची खरी किंमत आतां ठरवितां येईल. तें वैद्यकीचा परवाना नव्हे. त्यावांचून कोणी हें काम करूं नये असा कायदा नाहीं. त्याचा लाभ एवढाच कीं, नेमणूक करणाऱ्या संस्थेला उमेदवाराची तयारी अजमावतां येते आणि विखुरलेल्या कार्यकर्त्यांना एक समान भाषा मिळते. पण ज्या नगरपालिकेंत असें पदच नाहीं, तेथें प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापलीकडे काय कामाचें? परीक्षा आधीं आणि पद मागाहून, असा क्रम लागला तर तरुणांचे पैसे आणि वर्षें दोन्ही वायां जातात. म्हणून परदेशच्या परीक्षेकडे वळूं पाहणाऱ्यानें कोणती परीक्षा सध्यां घेतली जाते, तिच्या चालू अटी काय, आणि ती उतरल्यावर काम कोठें आहे, याची चौकशी आधीं करावी. सार्वजनिक आरोग्य, नगररचना किंवा भौतिकोपचार यांपैकीं एका विषयाचा पक्का पाया असेल, तर या कामाची वाट त्यांतून निघूं शकते.

महाराष्ट्राला व्यायामाच्या संस्था नव्या नाहींत. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं आणि लोणावळ्याचें कैवल्यधाम १९२४ सालीं स्थापन झालें. त्यांनीं व्यायामाला व योगाला अभ्यासाचें आणि शिक्षणाचें रूप दिलें. त्या परंपरेनें ज्याला शिकावयाचें आहे त्याची सोय केली. जो शिकावयास येणार नाहीं त्याची सोय अद्याप व्हावयाची आहे, आणि ती आखाड्यांत होणार नाहीं. ती पदपथावर, शाळेच्या फाटकापाशीं आणि कचेरीच्या जिन्यांत होईल.

आपल्या नगरपालिकेचा आरोग्य अधिकारी डांसांचा हिशेब ठेवतो, लशींचा ठेवतो, पाण्याचे नमुने तपासतो. आपल्या प्रभागांतलीं किती माणसें रोज अर्धा तास चालतात, आणि जीं चालत नाहींत त्यांना काय आडवें येतें, याचा हिशेब कोणाकडे आहे, हें आपल्या नगरसेवकाला विचारावयास कोणतेंही प्रमाणपत्र लागत नाहीं. तो हिशेब ठेवणारा माणूस नेमला जाईल तेव्हां त्याच्या परीक्षेचा प्रश्न येईल. आणि त्याची शेवटची परीक्षा कागदावर होणार नाहीं. नेमून दिलेल्या वस्तींतल्या वृद्ध स्त्रिया संध्याकाळीं कोणाचा हात न धरतां रस्ता ओलांडून बागेपर्यंत जाऊं लागल्या कीं नाहीं, यावरूनच ती व्हावयाची आहे.