लेण्यांची चढण आणि आपले गुडघे

वर्षावास संपून कठीण चीवरदान झाले, की आपल्या वस्त्यांतून लेण्यांच्या सहली निघू लागतात. कुठे महिला मंडळ लोकलने मळवलीला उतरते, कुठे गल्लीतली पोरे चार दुचाक्या काढतात, कुठे सगळा चाळवजा मोहल्ला टेम्पोत बसतो. कार्ला, भाजे, बेडसे ही नावे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतात. पण परत आल्यावर दोन दिवस जिना उतरताना कण्हणारी आई, उन्हाने डोके धरून बसलेली मावशी आणि पायाला फोड आलेले शुगरवाले आजोबा, हेही दरवर्षीचेच. म्हणून या वेळी चालण्याबद्दल, आणि विशेषतः डोंगरातल्या चालण्याबद्दल, चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

भिक्खू लेण्यांत राहत ते मुख्यतः पावसाळ्यात. बाकीचे आठ महिने त्यांची चारिका चालू असे, म्हणजे पायी फिरणे. शिवाय रोजचे चंकम, म्हणजे ठरावीक वाटेवर सावकाश, सजग येरझारा. अंगुत्तर निकायात या चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, परिश्रम सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि साधलेली एकाग्रता टिकते. पाचांतले चार सरळ शरीराचे आहेत, हे आम्हाला फार आवडते.

यावर एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही दिवसभर राबतो. चार घरची धुणीभांडी, झाडू, हमाली. आणखी चालायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण राबणे आणि चालणे यांत फरक आहे. कामात माणूस वाकलेला असतो, एकाच जागी उभा असतो, ओझे उचलतो आणि थांबणे त्याच्या हातात नसते. त्याने कंबर आणि खांदे झिजतात, पण हृदयाला आणि फुफ्फुसांना सलग, एका लयीचे काम मिळतेच असे नाही. मोकळ्या हाताने, स्वतःच्या वेगाने अर्धा तास चालले की ते मिळते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके.

खरी अडचण वेगळी आहे. वस्तीत चालायला जागा नाही आणि बाईला वेळ नाही. जागेचे उत्तर पुण्यात तरी आहे: टेकड्या. जनता वसाहतीतल्या माणसाला पर्वतीची चढण नवी नाही, तो पाण्याच्या कळशा घेऊन ती रोज चढत आला आहे. तळजाई, हनुमान टेकडी, गोखलेनगर-जनवाडीच्या वर असलेली वेताळ टेकडी, या सगळ्या वस्त्यांच्या उशाला आहेत. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर, म्हणजे शहरापेक्षा दोनशे-अडीचशे मीटर उंच. पहाटे तिथे भारी बूट घातलेली मंडळी दिसतात म्हणून आपण बिचकू नये. टेकडी कुणाच्या सोसायटीची नाही. वेळेचे उत्तर मात्र घरातल्या पुरुषांनी द्यायचे आहे, सकाळचा चहा आणि डबा आठवड्यातून तीन दिवस त्यांनी केला तरी पुरे.

लेण्यांची सहल ठरली असेल, तर महिनाभर आधी टेकडी सुरू करा. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे, मग हळूहळू वाढवत तासाभरापर्यंत. ज्या बाईला दहा पायऱ्यांत धाप लागते, छाती धडधडते, तिने "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तिच्या अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. अनेक घरांत "आईला चालवत नाही" यामागचे कारण एवढेच असते.

आता डोंगराकडे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर थिजलेला लाव्हा. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतो, टणक थराचा उभा कडा राहतो. म्हणून मावळातले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात आणि लेणी डोंगराच्या टोकावर नव्हे तर मध्यावर, सलग टणक थर पाहून कोरलेली आढळतात. चालणाऱ्याला याचा अर्थ असा: आधी छातीवर येणारा चढ, मग कड्याच्या पोटाने जाणारी सपाट वाट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर खडूच्या पांढऱ्या कड्यांच्या काठाने, मधल्या नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या पायवाटा प्रसिद्ध आहेत. तो मऊ खडू समुद्रात ढासळत असतो, म्हणून तिथे काठापासून लांब राहा असे बजावतात. आपला दगड टणक, पण काठावरची माती आणि वाळलेले गवत तितकेच दगाबाज. सेल्फीसाठी मागे सरकणाऱ्या पोराला हे आधीच सांगा.

पुणे-लोणावळा लोकल या वाटांची खरी मैत्रीण. देहूरोडला, जिथे बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथून पुढे गाडी इंद्रायणीच्या खोऱ्यात शिरते. बेगडेवाडीला उतरले तर शेलारवाडीच्या, म्हणजे घोरावडेश्वराच्या डोंगरातली लेणी जवळ आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि म्हाताऱ्यांना सोबत नेण्याआधीच्या सरावासाठी ती उत्तम. मळवलीला उतरले की दक्षिणेला भाजे, उत्तरेला इंद्रायणी ओलांडून कार्ला. भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, 22 लेणी आणि कोरलेल्या 14 स्तूपांचा समूह. कार्ल्याला सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत आणि वर देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. चैत्रात आणि नवरात्रात तिथे एकवीरेच्या भाविकांची प्रचंड गर्दी असते, मुले-म्हातारी घेऊन तेव्हा जाऊ नये. बेडसे डोंगराच्या पलीकडे, पवनेच्या खोऱ्यात. कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने वाहनाने पायथा गाठावा लागतो. तिथे शांतता आहे. आमचे मत विचाराल तर तिन्हींत चालण्याचे सुख बेडशाला. हीच पवना पुढे दापोडीला मुळेला मिळते आणि ते पाणी ताडीवाला रोडच्या वस्तीला खेटून जाते, हे मुलांना दाखवावे.

एका दिवसात कार्ला आणि भाजे दोन्ही "उरकायचा" हट्ट मात्र सोडा. गुडघे तिथेच जातात. चढताना धाप लागते म्हणून माणसे चढाला घाबरतात, पण गुडघ्याचा खरा वैरी उतार आहे. पायरी उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त भार येतो, आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळेच. उतरताना छोटी पावले टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, उंच पायरी तिरके होऊन उतरा, हातात काठी घ्या. काठी घेण्यात कसली आली लाज? एक गुडघा दुखरा असेल तर चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. सपाट तळाची चप्पल ओल्या दगडावर घसरते. महाग बूट नकोत, शाळेचे खाचांच्या तळाचे कॅनव्हास बूट चालतात, पण ते आधी आठवडाभर वापरलेले हवेत.

पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडा, अकराच्या आत वर पोहोचा आणि दुपारी परतीच्या लोकल कमी असतात हे लक्षात ठेवून वेळापत्रक पाहून ठेवा. माणशी किमान दोन लिटर पाणी. लेण्यांतल्या कोरीव टाक्यांचे, ज्यांना शिलालेखांत पोढी म्हटले आहे, पाणी आता पिऊ नये. फार घाम गेला, उलटी-जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो, तेव्हा अंदाजपंचे नको. उन्हात कुणी बरळू लागला, अंग तापले, तर सावली, ओले फडके, वारा आणि लगेच 108.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चढू नये. इन्सुलिनवर आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर श्रमाने साखर एकदम उतरते: थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. खिशात साखर किंवा गूळ ठेवा आणि सोबत्याला सांगून ठेवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाची गोळीही "आज प्रवास आहे, लघवी लागेल" म्हणून चुकवू नका, दिवस ठरला की डॉक्टरांना विचारून घ्या. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणे, बाईला नुसतीच विलक्षण धाप आणि मळमळ, यांपैकी काही झाले तर बसवा, चालवत खाली आणू नका.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धुराने आणि उग्र अत्तराने ती उठतात. म्हणून, आणि दोन हजार वर्षांच्या दगडावर काजळी धरते म्हणूनही, लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये. वंदना हात जोडून होते. माशा उठल्या तर तोंड झाकून पळा, हात झाडत उभे राहू नका. दगड उचकटू नका, फुरसे तिथेच असते. साप चावला तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे नाही. पाय हलवू न देता सरकारी रुग्णालय गाठा, लस तिथे मिळते.

पाण्याबद्दल जरा कडक बोलतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ हडपसरच्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. डोंगरात वर पाऊस पडला की खालचा घोटाभर ओढा काही मिनिटांत कमरेएवढा होतो, आपल्या डोक्यावर ऊन असले तरी. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की क्षणभरही न थांबता काठावर या. पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, ते पाहूनच दिवस ठरवा.

घरी आल्यावर शुगरवाल्यांचे तळपाय उजेडात तपासा. त्यांना फोड कळत नाही, तो दुसऱ्याने पाहावा लागतो. पायाला जखम असताना चिखलात किंवा ओढ्यात उतरला असाल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळा, डोळ्यांत लाली आली, तर दवाखान्यात "मी पाण्यात उतरलो होतो" हे स्वतःहून सांगा, म्हणजे लेप्टोची तपासणी वेळेत होते.