भूक आणि वीस तासांची अट

अमेरिकेत गरीब कुटुंबांना धान्य-भाजीसाठी ‘स्नॅप’ योजनेतून सरकारी मदत मिळते. पण 18 ते 49 वयाचा, किमान अर्धवेळ कॉलेज करणारा विद्यार्थी कमी उत्पन्न असूनही सहसा अपात्र ठरतो. सवलत मिळते ती आठवड्याला 20 तास पगारी काम, सरकारी वर्क-स्टडी (शिकता-शिकता पगारी काम देणारी योजना), सहा वर्षांखालच्या मुलाचा सांभाळ अशा मोजक्या कारणांसाठी. म्हणजे दुकानदाराने पाळ्या कापून कामाचे तास सरासरी 18 वर आणले, की पगारही घटतो आणि मदतीचा हक्कही जातो. हे मला अन्यायाचंच वाटतं.

अट काढली तर सुखवस्तू घरातली मुलं रांगेत उभी राहतील, हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. उत्पन्नाची चाचणी सर्वांना असतेच, शिवाय आईवडिलांसोबत राहणाऱ्या 22 वर्षांखालच्या मुलाचा हिशेब त्यांच्याच कुटुंबात धरतात. उलट, नियमांच्या या गुंत्यात खरे गरजू हरवतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2024 च्या अहवालानुसार, 2020 मध्ये पात्र ठरू शकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी 59 टक्के मदत घेत असल्याचं आढळलं नाही. इथून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांना मात्र ही योजना लागूच नाही. जेवणाचा खर्च त्यांनी आधीच धरून ठेवावा.