पाणबुड्याची पहिली खरेदी

कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याचे भय नसते, असे आपण अभिमानाने म्हणतो. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरलेले पोर दोन उन्हाळ्यांत माहुलीच्या संगमावर नाहीतर सांगलीच्या घाटावर सराईतपणे पाणी कापू लागते. परंतु पाण्यावर पोहणे निराळे आणि पाण्याखाली श्वास घेत राहणे निराळे. ही दुसरी विद्या शिकण्याची सोय आता महाराष्ट्रातच, तारकर्लीस झाली आहे; तेथे पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्याकडील तरुण मंडळीही घाट उतरून तेथे जातात आणि स्कूबाचे पहिले प्रमाणपत्र घेऊन परततात. मग प्रश्न पडतो तो खरेदीचा. आधी काय घ्यावे, काय भाड्याने वापरावे, आणि काय मुळीच घेऊ नये?

याचे उत्तर किंमतपत्रिकेत नाही. ते पाण्याच्या दाबात आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला आपल्या डोक्यावरच्या संपूर्ण वातावरणाइतका आणखी एक दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो, आणि पहिल्या प्रमाणपत्राची जी १८ मीटरची मर्यादा, तेथे तो जवळजवळ पावणेतीन पट असतो. एका नळकांड्यात साधारण २२०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर ११० मिनिटे पुरेल. १० मीटरवर ५५ मिनिटे आणि १८ मीटरवर चाळीसच्याही आत. त्यातूनही काही हवा परतीसाठी राखावी लागते. हा हिशेब शांत श्वासाचा झाला. डोळ्यांत पाणी शिरले, पायात गोळे आले किंवा थंडी भरली की श्वास धापा टाकू लागतो आणि हिशेब कोसळतो. भेदरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावला, तर १० मीटरवरून येताना छातीतली हवा दुप्पट फुगू पाहते व फुप्फुस फाटण्याची भीती असते. तेव्हा अंगाला नीट न बसणारे सामान ही केवळ गैरसोय नव्हे. अपघाताची सुरुवात तेथून होऊ शकते.

म्हणून पहिली खरेदी मास्कची. दोन माणसांचे चेहरे सारखे नसतात, त्यामुळे मित्राने वाखाणलेला मास्क आपल्याला बसेलच असे नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढावा आणि हात सोडून द्यावा. मास्क चिकटून राहिला तर तो आपला. पडला तर कितीही महाग असो, दुकानदाराला परत द्यावा. आपल्या भागात मिशांना मान आहे, पण पाणी तो मानत नाही. नाकाखालची केसांची एक बारीक रेघ साफ केली, तर मास्कची कड कातडीवर घट्ट बसते. चष्मा असलेल्यांना नंबराच्या काचा बसवून मिळतात. विहिरीतला पोहण्याचा चष्मा मात्र येथे उपयोगाचा नाही. त्यात नाक झाकले जात नाही. त्यामुळे आतला दाब नाकाने हवा सोडून सारखा करता येत नाही आणि डोळ्यांना इजा होते.

त्यानंतर पायांतली वल्ही, म्हणजे फिन्स. ती बोटांना आवळणारी नसावीत आणि टाचेत सैलही नसावीत. फार ताठ पाते नवशिक्याची पोटरी दुखवते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगाची ऊब ओढून नेते, म्हणून उबदार समुद्रातही अंगावर रबरी पोशाख हवा. आपल्या किनाऱ्यावर ३ मिलिमीटर जाडीचा बहुधा पुरतो. तो अंगाबरोबर बसला पाहिजे. सैल असल्यास आतले पाणी सारखे बदलते व ऊब टिकत नाही.

तिसरी वस्तू मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर. आम्ही घाटावरच्या माणसांनी ती लवकर घ्यावी. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात व शरीराच्या पेशींत मुरतो. तो सावकाश बाहेर पडला तर ठीक. दाब एकदम उतरला तर गोटी सोड्याची बाटली फोडावी तसे बुडबुडे उठतात. किती खोल, किती वेळ आणि किती सावकाश वर यायचे, याचा जमाखर्च हे यंत्र ठेवते. एकदाच बुडी मारली असेल तर १२ तास आणि अनेकदा मारली असेल तर १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. सहाशे मीटरच्या वर चढतानाही तोच पाळावा. आंबोलीचा घाटमाथा सुमारे सातशे मीटर उंच, आणि सातारा शहरही त्याच सुमाराच्या उंचीवर! दुपारी मालवणला बुडी मारून संध्याकाळी घाट चढणे म्हणूनच धोक्याचे आहे. एक मुक्काम तेथेच करावा.

तोंडाशी हवा देणारा रेग्युलेटर आणि तरंगण्याचे फुगते जाकीट ही महागाची सामग्री आहे. ती सुरुवातीस चांगल्या केंद्रातून भाड्याने घ्यावी आणि दहावीस बुड्या होऊन आपली सवय कळल्यावरच विकत घ्यावी. तेव्हाही दुरुस्ती व वार्षिक तपासणी कोठे होते, सुटे भाग मिळतात काय, हे आधी विचारावे. परदेशातून स्वस्तात आलेले पण येथे कोणी उघडू न शकणारे यंत्र शेवटी महागच पडते. जुने घेतल्यास जाणकाराकडून तपासून घेतल्यावाचून ते तोंडाला लावू नये. प्रत्येक बुडीनंतर सारे सामान गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे; मिठासारखा दुसरा चोर नाही.

नळकांडे मात्र घेऊच नये. ते नेण्याआणण्यास जड, त्याची दाबपरीक्षा मुदतीत करावी लागते, आणि आपल्या गावी ते भरणार कोण? गॅरेजातले टायरचे यंत्र जेमतेम १० बार दाब देते, येथे २०० लागतात. शिवाय त्या हवेत तेलाची वाफ व विषारी वायू असू शकतो. ती हवा चाकासाठी आहे, छातीसाठी नाही.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. घरात हे सामान आहे म्हणून कोणी तरुणाने पुराच्या गढूळ, वेगवान पाण्यात उतरू नये. त्या कामाचे शिक्षण वेगळे आणि त्याची माणसेही वेगळी.

तात्पर्य, पाणबुड्याने खरेदी शोभेसाठी करू नये. चेहऱ्याला व पायाला बसते ते आधी घ्यावे, वेळ आणि खोली मोजते ते त्यानंतर, आणि ज्यावर श्वास अवलंबून आहे ते पारखून, सावकाश घ्यावे. चांगले सामान तेच, जे पाण्याखाली आपल्याला स्वतःची आठवणही होऊ देत नाही.