‘कालिया मर्दन’ आणि रसविचार

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशिकच्या मुक्कामात केलेला ‘कालिया मर्दन’ (1919) हा मूकपट रसविचार समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

भरतमुनींच्या मते विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निर्माण होतो. या मूकपटात कृष्ण कालिया नागाच्या डोहात उतरतो. डोह आणि नाग हे विभाव, म्हणजे भावना जागी करणारी कारणे. काठावरच्या माणसांचा आकांत हा अनुभाव, म्हणजे भावनेची बाहेर दिसणारी खूण. चिंता, आवेग, मग हर्ष हे येऊन-जाऊन असणारे व्यभिचारी भाव. या साऱ्यांतून आपल्या मनातला विस्मय फुलतो आणि अद्भुतरसाचा अनुभव येतो. फाळक्यांची ट्रिक फोटोग्राफी याच रसाच्या सेवेत आहे, नुसत्या करामतीसाठी नाही, असे मला ठामपणे वाटते.

पण सगळ्यात विलक्षण आहे ती सुरुवात. कृष्ण झालेली फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी आधी साध्या रूपात दिसते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, ती एकेक भाव करून दाखवते आणि मग बघता बघता कृष्णरूपात येते. ही मुलगी आहे हे पक्के ठाऊक असूनही पुढे आपण तिला कृष्ण मानतो. भरताचा भाष्यकार शंकुक यासाठी चित्रातल्या घोड्याचा दाखला देतो: तो खरा नाही हे कळते, तरी ‘हा घोडा’ असेच आपण म्हणतो. ही प्रतीती सत्य, मिथ्या, संशय किंवा सादृश्य यांपैकी कशातच बसत नाही. पडद्यावरच्या छायेला तर हे रंगभूमीपेक्षाही चपखल लागू पडते, कारण तिथे समोर नटसुद्धा नसतो.