मोडक्या प्लेटची कैफियत

ज्या तंत्रमहाविद्यालयात माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली, तेथील पदार्थ-परीक्षणशाळेतले जुने यंत्र गेल्या उन्हाळ्यात जडसंग्रह नोंदवहीत ‘निकामी’ असा शेरा मारून लिलावात भंगाराच्या दराने विकले गेले. आणि ते वाहून नेणाऱ्या ट्रकवाल्याला त्याच्या वजनाचे जेवढे कौतुक वाटले तेवढेही विभागातील तरुण अध्यापकांना त्याच्या कामगिरीचे वाटले नाही, हे मला लागले. यंत्र आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, इचलकरंजीच्या ‘फाय’ने घडवलेले. सळई ताणून तोडणे हे त्याचे नित्यकर्म. पण नव्वदीच्या दशकात त्याच्यावर आम्ही एक निराळा उद्योग केला. गुडघ्याजवळ मोडलेल्या हाडांवर ज्या पोलादी प्लेटा बसवतात, त्या वाकवून आणि तोडून पाहिल्या. त्या उद्योगाचा मागोवा घेण्याचे बरेच दिवस मनात होते. निमित्त लिलावाने पुरवले.

आरंभीचा इतिहास मी झपाट्याने उरकतो, कारण तो पाठ्यपुस्तकांत विस्ताराने आहे. बेल्जियमच्या रॉबेर दानिस यांनी १९४९ साली ग्रंथ लिहून हाडाचे तुकडे परस्परांवर दाबून बांधण्याचा विचार मांडला. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एओ’ नावाची मंडळी स्थापन केली, आणि लगेच दावोसला प्रयोगशाळा निघाली. या मंडळींचा खरा मोठेपणा माझ्या मते शस्त्रकौशल्यात नसून शिरस्त्यात होता: प्रत्येक शस्त्रक्रियेचा तपशील क्ष-किरण चित्रांसह मध्यवर्ती दप्तरात रुजू झालाच पाहिजे, आणि धातू घडवणारा व हाड जोडणारा एकाच मेजाशी बसलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आपल्याकडे त्या काळी तालमीतले वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य होते, आणि इस्पितळात पायाला वजन लावून महिनेच्या महिने खाटेवर निजवण्याची चाल होती. हाड सांधे, गुडघा आखडे. आणि उकिडवे बसता न येणारा शेतकरी किंवा बैठक न मारता येणारा पैलवान म्हणजे काय, हे कोल्हापुरात कोणास समजावून सांगावे लागत नाही. त्या कालखंडाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.

नव्वदीचे दशक मात्र मी डोळ्यांनी पाहिले. हाती नुकतीच मोटारसायकल आलेली तरुण पिढी, रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि पुणे–बंगळूर रस्ता यांच्या संगनमताने गुडघ्याच्या वरचा मांडीचा भाग आणि खालचा नडगीचा माथा यांचा चुराडा होऊन माणसे येऊ लागली. तिकडे मिरजेस डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारखे जाणकार अस्थिशल्यविद्येचा बृहद्ग्रंथ संपादित करण्याच्या तयारीचे, आणि इकडे शहरात प्लेटा बसवणाऱ्यांची नवी फळी उभी राहत होती. त्यांपैकी एक डॉक्टर – नाव घेतलेले त्यांना रुचणार नाही – एके दिवशी रुमालात दोन तुकडे बांधून आमच्या दारात उभे राहिले. त्यांचा प्रश्न सरळ होता: दोष प्लेटचा, माझा, की लवकर चालू लागलेल्या रोग्याचा?

भिंगाखाली पाहताच उत्तराची दिशा दिसली. तुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा उमटल्या होत्या; म्हणजे प्लेट एका आघाताने मोडली नव्हती, थकून मोडली होती, आणि मोडली होती ती नेमकी भंगाच्या फटीसमोरील मोकळ्या छिद्राशी, जेथे धातूचा छेद सर्वांत अपुरा असतो. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि धडधाकट माणसाचा एकेक पाय वर्षाला सुमारे दहा लाख पावले टाकतो. फट भरून हाडाने आपला वाटा उचलला नाही, तर हा सारा भार पोलादाला एकट्याने वाहावा लागतो. तेव्हा प्लेट किती भाराला मोडते हा प्रश्नच गौण ठरतो. ती कितव्या पावलाला मोडते, हे विचारायला हवे.

हा साधा भेद पटवताना मात्र आमची दमछाक झाली. प्लेटा विकणारे एक गृहस्थ ‘इतक्या किलोन्यूटनांना टिकते’ असा दाखला मागत आले. मी विरोध केला, वरिष्ठांनी सही केली, आणि तो दाखला त्यांच्या जाहिरातपत्रकात मोठ्या अक्षरांत झळकला. तो खोटा नव्हता, निरर्थक होता. अभियांत्रिकीचे परीक्षकही तसलेच. पुनरावृत्त भाराच्या चाचणीस ते वेळेचा अपव्यय म्हणत. वेळ लागे हे खरे, कारण सेकंदाला एक या गतीने दहा लाख फेऱ्यांना अखंड बारा दिवस हवेत, आणि वीज मंडळाचा अखंडतेशी फारसा स्नेह नव्हता. ते जुने यंत्र सावकाश दाबणारे. फेऱ्यांसाठी आम्ही मोटर, विकेंद्री चाक आणि आकडे मोजणारे घड्याळ जोडून वेगळा सांगाडा उभा केला होता. परदेशी प्रयोगशाळांतली कृत्रिम हाडे परवडण्याचा प्रश्नच नव्हता. खरे हाड मात्र, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या शहरात, सकाळी लवकर गेले की मुबलक मिळे.

त्या खटाटोपातून एक गोष्ट निर्विवाद हाती आली. प्लेटचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. साडेचार मिलिमीटरची प्लेट चकाकीसाठी घासून चार मिलिमीटरची केली, तर सुमारे तीस टक्के ताठपणा गेलाच. बाजारातल्या काही प्लेटा पाहताना आम्ही प्रथम मायक्रोमीटर काढू लागलो, आणि ते डॉक्टरही काढू लागले.

डॉक्टरांनी मोडक्या प्लेटा आमच्याकडे आणण्याचा हा व्यवहार का थांबला? नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. निकाल न्याय्यच होता, रोग्याला दाद मागण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण त्या दिवसापासून मोडकी प्लेट ही अभ्यासाची वस्तू न राहता पुराव्याची वस्तू झाली. रुमाल येणे हळूहळू कमी झाले आणि शतक संपता संपता बंद पडले.

पुढचे युग ‘लॉकिंग’ प्लेटांचे. स्क्रूच्या डोक्यालाच आटे पाडून तो प्लेटमध्ये जखडायचा, ही कल्पना म्हाताऱ्या, भुसभुशीत हाडासाठी उत्तम. पण विक्रेत्यांच्या उत्साहात प्रत्येक छिद्र भरण्याची टूम निघाली. हाड धरायला थोडी हालचाल लागते. श्टेफान पेरेन यांनी दाखवल्याप्रमाणे भंगातील कोवळी ऊती शंभर टक्के ताण सोसते, कूर्चा दहा, आणि पक्के हाड जेमतेम दोन. जखडबंदी अति झाली की प्लेटलगतची बाजू निश्चल राहते आणि हाड धरतच नाही. मग भंगाजवळची दोन-तीन छिद्रे मोकळी सोडा, वाक लांबीभर पसरू द्या, असा सल्ला निघाला. ज्या मोकळ्या छिद्राला आम्ही आरोपी ठरवले होते ते एकटे होते म्हणून घातक होते, हे तेव्हा उमगले. नडगीच्या माथ्याचे दोन्ही कंगोरे फुटले असता दोन्ही बाजूंनी प्लेट दिल्यास तुकडा कमी खचतो, हेही कृत्रिम हाडांवरील चाचण्यांनी दाखवले. मात्र त्या बहुतेक चाचण्या पाय सरळ धरून केलेल्या असतात. मांडी घालून जेवणाऱ्याचा आणि उकिडवे बसून भांगलण करणाऱ्याचा भार मागच्या अंगावर पडतो, त्याची दखल त्यांत क्वचितच सापडते.

आणि आता? कागदपत्रे पूर्वी कधी नव्हती इतकी चोख आहेत, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आले, हाडात राहणाऱ्या असल्या उपकरणांना परवाना सक्तीचा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले, पण अपघातातल्या प्लेटविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. महाविद्यालयात विद्यार्थी संगणकावर गुडघ्याचे रंगीत नकाशे काढतात, जास्त ताणाचा भाग तांबडा दिसतो, आणि त्यावर प्रबंध मंजूर होतात. खरी मोडलेली प्लेट हातात घेतलेला विद्यार्थी त्यांत मला अद्याप भेटलेला नाही. शिरोलीच्या ओतशाळेतून गेलेला ट्रॅक्टरचा सुटा भाग तडकून परत आला, तर त्याचा हीट नंबर, म्हणजे ओतीचा क्रमांक, शोधतात, त्या ओतीची राखून ठेवलेली चाचणी-कांडी काढतात, तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कारण लिहून कळवतात, कारण न कळवल्यास पुढची मागणी येत नाही. माणसाच्या मांडीतून निघालेली प्लेट मात्र बिलासोबत पाकिटात घालून नातेवाइकाच्या हाती देतात, किंवा ती कचऱ्यात जाते. सूक्ष्मदर्शके तीच, धातू ओळखणारी माणसे तीच, आणि शहरातल्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहापासून शिरोली रिक्षाने फार तर तासाभराची.